‘एच स्क्रू आत घ्या, पेट्रोल वाचवा’: ग्रासकटर-चेनसॉच्या त्या मेसेजला उत्तर

मे महिना सरत आला की गोव्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मेसेज हमखास उगवतो: ‘ग्रासकटर, चेनसॉ मेस्त्रीकडे नेऊ नका, पाच मिनिटांत घरीच ट्यून करा.’ खाली आठ सूचना असतात. पहिल्या पावसानंतर भाटांत, कुळागरांत गवत गुडघ्याएवढं होतं, चवथीआधी तर वाट आणि अंगण साफ करायची घाई सगळ्यांनाच. त्यामुळे मेसेज भराभर पुढे जातो. आठांपैकी दोन सूचना अर्ध्या खऱ्या आहेत, आणि त्यांच्या जोरावर बाकीच्या सहा खपतात.

‘एच स्क्रू पूर्ण आत आवळा. पेट्रोल कमी लागेल, मशीन मोकळं पळेल.’

मशीन मोकळं पळतं हे खरं, आणि दुखणं तेच आहे. एच म्हणजे पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरवरचा, फुल थ्रॉटलचं पेट्रोल ठरवणारा स्क्रू. तो घड्याळाच्या दिशेने आत गेला की फुल थ्रॉटलला जाणारं पेट्रोल कमी होतं, मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) होतं आणि भार नसताना आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, चढतो. कानाला वाटतं, ताकद वाढली. पण टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलबरोबरच आत येतं आणि पिस्टनची उष्णताही काही प्रमाणात तेच पेट्रोल ओढून घेतं. स्क्रू आवळला की दोन्ही एकदम तुटतात. पिस्टन फुगतो, सिलिंडरला घासतो आणि एखाद्या दुपारी काजूच्या उतारावर मशीन जाम होतं. शंका असेल तर सायलेन्सर काढा, पिस्टन हळूहळू वर घ्या आणि एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मारून बघा. पिस्टनच्या त्या बाजूला उभ्या रेघा आणि चिकटलेली रिंग दिसली, तर स्क्रूने वाचवलेलं पेट्रोल पिस्टन-सिलिंडरच्या बिलात कधीच गेलं.

बरोबर सेटिंग कानाला कळतं. फुल थ्रॉटलला, भार नसताना, आवाज किंचित फाटका, बरबरणारा हवा. चेन लाकडात शिरली की तोच साफ व्हायला हवा. हवेतच शिट्टीसारखा साफ आवाज येत असेल तर स्क्रू बाहेर घ्या. कान तयार नसेल तर टॅकोमीटर लावा आणि मॅन्युअलमधला कमाल आरपीएम ओलांडू नका.

मुळात स्क्रूला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. आधी एअर फिल्टर धुऊन वाळवा, पेट्रोल ताजं भरा, टाकीतला फिल्टर आणि पाइप बघा. पाइप बोटांत दुमडून चीर उघडते का ते पाहा. दहा-पंधरा मिनिटं चालून मशीन बंद पडत असेल तर टाकीचं झाकण सैल करा. ‘फुस्स’ झालं आणि मशीन पुन्हा सुरू झालं, तर टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा आत घेणारं भोक, तुंबला आहे. कार्बोरेटरचा त्यात काही दोष नाही. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम हळूहळू उतरत असेल, किंवा मशीन आडवं धरल्यावर आयडलिंग (थ्रॉटल न देता चालणं) बदलत असेल, तर क्रँकचा ऑइल सील किंवा इनटेकचा रबर हवा ओढत असावा. तिथे सुमारे ०.५ बार (दाबाचं एकक) धरून प्रेशर आणि व्हॅक्यूम दोन्ही चाचण्या घ्याव्यात. एच स्क्रू बाहेर घेऊन ही गळती काही दिवस झाकता येते, बरी होत नाही.

हे सगळं ठीक असेल तर इंजिन चार-पाच मिनिटं गरम करा. एल स्क्रू (कमी थ्रॉटलचं पेट्रोल ठरवणारा) फिरवून आयडल सर्वांत चढं होईल ती जागा शोधा आणि तिथून जेमतेम पाव फेरा बाहेर या. थ्रॉटल झटक्याने दिल्यावर इंजिन अडखळलं तर आणखी थोडं बाहेर. मग आयडलचा स्क्रू, इतका की चेन किंवा ब्लेड पूर्ण थांबलं पाहिजे. एचची पाळी यानंतर.

आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आहे, हेही लक्षात घ्या. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या पेट्रोलवर बसवलेलं सेटिंग या पेट्रोलवर आपोआपच लीनकडे सरकतं. आधीच सरकलेल्या मशीनचा स्क्रू हा मेसेज आणखी आत घ्यायला सांगतो.

‘लिटरला १०० मिली ऑइल टाका, इंजिन दुप्पट टिकेल. कुठलंही ऑइल चालतं.’

चांगलं टू-स्ट्रोक ऑइल असेल तर बहुतेक मशीनना ५०:१ प्रमाण लागतं: लिटरला २० मिली, ५ लिटरला १०० मिली. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा पाच लिटरचा आकडा एका लिटरला लावला. जादा ऑइल पूर्ण जळत नाही. त्याचा कार्बन एक्झॉस्ट पोर्टवर आणि रिंगच्या खाचेत बसतो, प्लग काळा होऊन ओला राहतो. शिवाय ऑइलने जागा घेतली की तेवढं पेट्रोल कमी जातं, म्हणजे मिश्रण पुन्हा लीन.

‘कुठलंही’ तर नाहीच. गाडीचं २०डब्ल्यू-४० इथे राख करतं. किनाऱ्याकडच्या घरांत होडीच्या इंजिनाचं टीसी-डब्ल्यू३ ऑइल सहज हाताशी असतं, पण ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी बनवलेलं आहे. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला डब्यावर ‘जासो एफडी’ हा दर्जा लिहिलेलं ऑइल घ्या. मोजायला बाटलीचं बूच नको, औषधाच्या दुकानातली २० मिलीची सिरिंज आणा. कॅनमध्ये अर्धं पेट्रोल, मग ऑइल, हलवा, मग उरलेलं पेट्रोल. टाकीत मिसळू नका.

‘टाकी भरून ठेवा, रिकामी ठेवली तर डायाफ्राम सुकतो.’

ही पहिली अर्धी खरी सूचना. कार्बोरेटरमधला रबरी पडदा कोरडा राहून कडक होतो, हे खोटं नाही. पण गोव्यात मशीन कधी पडून असतं ते बघा. काजूचा हंगाम लागण्याआधी रान मारून झालं की ग्रासकटर थेट मे अखेरपर्यंत कोपऱ्यात. त्या उन्हाळ्यात पेट्रोलचा हलका भाग उडून जातो, मागे चिकट थर उरतो आणि बारीक जाळी तुंबते. पावसाळ्यात उलटं: इथेनॉल दमट हवेतलं पाणी शोषतं, आणि प्रमाणाबाहेर पाणी झालं की पाणी-इथेनॉलचा थर खाली बसतो. टाकीतला फिल्टर तळाशीच असतो. तो ओढतो तो हा थर, आणि ऑइल राहतं वरच्या पेट्रोलमध्ये.

घरी बघायचं असेल तर आकडे कोरलेल्या अरुंद काचनळीत १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घालून हलवा, दहा मिनिटं थांबा. निव्वळ पेट्रोल असेल तर खालचा थर १० वरच राहील; २० टक्के इथेनॉल असेल तर तो पंचविशीच्या पुढे जाईल. ते पेट्रोल परत टाकीत ओतू नका.

महिनाभराहून जास्त ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत आयडलवर चालवा. पुढच्या हंगामात पडदा कडक निघाला तर कार्बोरेटरचं किट बदलावं लागेल. पण तुंबलेल्या कार्बोरेटरमुळे लीन चाललेल्या पिस्टनपेक्षा किट कितीतरी स्वस्त.

‘प्लग कुठलाही बसतो.’

आटे जुळले म्हणून प्लग जुळत नाही. एनजीके बीपीएमआर७ए या नेहमीच्या प्लगच्या आट्यांची लांबी ९.५ मिमी असते. त्याच १४ मिमी आट्यांचा, पण १२.७ किंवा १९ मिमी लांबीचा गाडीचा प्लग आत जास्त उतरतो आणि पिस्टनला आपटू शकतो. गॅप बहुतेक मशीनना ०.५ मिमी.

‘चेनला जळकं ऑइल घाला, फुकटात काम होतं.’

गाडीतून काढलेल्या ऑइलमध्ये धातूचा भुसा आणि काजळी असते. ती ऑइल पंप आणि बारची (चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीची) खाच घासते, आणि असं पातळ ऑइल बारच्या टोकापर्यंत टिकतही नाही. शिवाय ते उडतं तुमच्या हातांवर आणि कुळागरातल्या पाटाच्या पाण्यात. काही जण खोबरेल घालतात. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं. डिसेंबरच्या सकाळी सत्तरी तालुक्यात पंप कोरडाच फिरेल. चेनला ऑइल मिळतं की नाही ते पाहायला बारचं टोक पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर धरून थ्रॉटल द्या, ऑइलची बारीक रेघ उमटली पाहिजे.

‘चेन बोथट झाली की ग्राइंडरवर मारा, रेकरही घासा, जास्त खाते.’

माडाच्या खोडाचा बाहेरचा भाग फार कठीण असतो, बुंध्यात रेतीही अडकलेली असते. दोन माडांत चेन जाते, हे मान्य. भुशाऐवजी पीठ पडू लागलं की समजा धार गेली. पण हातातल्या ग्राइंडरने दात निळा पडला की त्याचं पाणी उतरलं, मग तो धार धरत नाही. गोल कानस घ्या: लहान मशीनच्या लो-प्रोफाइल ३/८ इंच मापाच्या चेनला ४ मिमी, ०.३२५ इंचाच्या चेनला ४.८ मिमी. बहुतेक चेनना ३० अंशांचा कोन, आतून बाहेर, प्रत्येक दाताला सारखेच दोन-तीन फटके. सर्वांत लहान दाताएवढे बाकीचे करा. एका बाजूचे दात लांब राहिले की काप वाकडा जातो आणि दोष बारला दिला जातो. रेकर, म्हणजे दातापुढचा छोटा उंचवटा, दाताच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली असावा, गेज लावून. त्याहून खाली घासला तर मशीन झटके मारतं आणि बार तोंडावर उसळण्याचा धोका वाढतो.

‘सायलेन्सरची जाळी आणि ग्रासकटरचा गार्ड काढून टाका.’

जाळी ठिणग्या अडवते. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यासह गोव्यातल्या डोंगरांवर दिवसेंदिवस वणवे जळत होते. सुक्या गवतात जाळीशिवाय मशीन चालवू नये हे सांगायला याहून जास्त काही लागू नये. जाळी तुंबली असेल तर काढून तारेच्या ब्रशने घासा आणि परत बसवा. गार्डवर नायलॉन दोरी कापणारं छोटं पातं असतं. गार्ड काढला की दोरी लांब राहते, इंजिन दमतं, क्लच घसरून जळतो. शिवाय चिऱ्याचे तुकडे थेट नडगीवर.

‘चेन ब्रेक लावून सुरू करू नका, क्लच जळतो.’

दुसरी अर्धी खरी सूचना. ब्रेक लावून थ्रॉटल देत राहिलं तर क्लच जळतो, म्हणून सुरू करताना ब्रेक सोडायचा नसतो, थ्रॉटल सोडायचा असतो. मशीन जमिनीवर ठेवा, मागच्या हँडलमध्ये बुटाचं टोक, डावा हात पुढच्या हँडलवर, ब्रेक पुढे ढकलून लावलेला. चोकवर इंजिन एकदा फुटफुटलं की चोक अर्ध्यावर. सुरू झालं की लगेच ट्रिगर एकदा टिचकीसारखा दाबून सोडा, म्हणजे अडकवलेला अर्धा थ्रॉटल सुटतो आणि इंजिन आयडलला येतं. मग ब्रेक मागे ओढा. ब्रेक सोडल्यावर चेन स्वतःहून फिरत असेल तर झाडाकडे जाऊ नका. आयडल चढलं आहे किंवा क्लचची स्प्रिंग तुटली आहे.