पिंपातला गुलमोहर

साताऱ्यात दर वर्षी १ मे रोजी गुलमोहर दिन साजरा होतो आणि त्याच दिवशी सकाळी तिथून माझ्या मेहुण्याचा फोन येतो. "काय दाजी, फुलला का?" एवढेच तो विचारतो आणि माझे उत्तर ऐकण्यापूर्वीच हसू लागतो.

आठ वर्षांपूर्वी त्यानेच हातभर लांबीची काळी शेंग मला भेट दिली होती. लहानपणी आम्ही त्या शेंगांच्या तलवारी करून लढत असू, तेवढाच उपयोग या वेळीही केला असता तर बरे झाले असते. मी मात्र दगडासारख्या कठीण बिया पॉलिश पेपरवर घासल्या, रात्रभर पाण्यात भिजवल्या आणि कुंडीत पेरल्या. पाचांपैकी एक रुजली. मादागास्करहून आलेले, चाळीस फूट उंची सहज गाठणारे आणि उंचीपेक्षा रुंदीचाच अधिक हव्यास असलेले हे झाड पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत कसे मावेल, हा प्रश्न तेव्हा फक्त सौभाग्यवतींना पडला होता.

तिसऱ्या वर्षी त्याचा मुक्काम दोनशे लिटरच्या निळ्या पिंपात हलला. भिजलेल्या मातीसकट ते पिंप सहज तीनशे किलोंचे होते, त्यामुळे त्यानंतर गच्चीतली बाकीची प्रत्येक वस्तू हलली, पिंप तेवढे हलले नाही. फेब्रुवारीत त्याची पाने झडतात. पाने म्हणजे जिऱ्याएवढ्या हजारो पानुल्या. त्या केरसुणीला दाद देत नाहीत, पन्हाळीची जाळी मात्र अचूक शोधून काढतात. फांद्या गच्चीबाहेर गेल्या की सोसायटीचे पत्र येते, म्हणून मी छाटतो. आणि गुलमोहराला फुले फांद्यांच्या टोकांनाच येत असल्यामुळे दर छाटणीत मी पुढच्या वर्षीचा बहार स्वतःच्या हाताने कापून टाकतो. शेणखत वाढवून पाहिले, तर पाने अधिक जोमाने आली.

गेल्या जूनमध्ये खालच्या काकांच्या छताला ओल आली. संशयाची सुई अर्थातच पिंपाकडे वळली. वॉटरप्रूफिंगवाल्याने पहार लावून पिंप जरासे कलते केले, तेव्हा तळाच्या भोकातून उतरलेले मनगटाएवढे मूळ फरशीच्या सांध्यात शिरलेले दिसले. तो बराच वेळ उकिडवा बसून ते न्याहाळत राहिला आणि शेवटी म्हणाला, "साहेब, भेग यानंच पाडलीय, पण आता बूचपण हाच आहे. उपटलात तर पाणी सरळ खालच्यांच्या देवघरात."

तेव्हापासून झाड काढून टाका असे कोणी म्हणत नाही. उलट मी गावी जाणार असलो, की काका आदल्या दिवशीच वर येऊन विचारतात, "झाडाला पाणी किती बादल्या घालायचं?"