घरात स्ट्रेंग्थ्स शोधा, पण कामं त्यावर वाटू नका

मी बरीच वर्षं कंपन्यांमध्ये ट्रेनिंग देतेय, स्ट्रेंग्थ्स म्हणजे माणसाच्या जमेच्या बाजू, टाइम मॅनेजमेंट, फीडबॅक कसा द्यायचा वगैरे. सेशन संपलं की चहाच्या वेळी कोणीतरी हमखास येतं आणि विचारतं, मॅडम हे घरी कसं वापरायचं हो? आधी हे फक्त बायका विचारायच्या, आता पुरुषही विचारतात आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो. चहाच्या कपाएवढ्या वेळात उत्तर देता येत नाही म्हणून इथे लिहितेय. पोस्ट मोठी आहे, वेळ काढून वाचा.

माझं म्हणणं आधीच सांगते. माणूस ओळखायला स्ट्रेंग्थ्सची भाषा घरात जरूर आणा, पण घरातली कामं त्या हिशोबाने वाटू नका. हे दोन एकत्र केले की ज्याच्या अंगावर आधीच जास्त काम आहे त्याच्याच अंगावर आणखी येतं, आणि ते माणूस बहुतेक घरांत कोण असतं हे मी सांगायला नको.

ही पद्धत आली कुठून ते बघा म्हणजे कळेल. डोनाल्ड क्लिफ्टन हे अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठात शिकवायचे, १९६९ मध्ये त्यांनी जी कंपनी काढली तिचं नावच सिलेक्शन रिसर्च, म्हणजे निवडीचं संशोधन, असं होतं, पुढे १९८८ मध्ये याच कंपनीने लोकांची मतं आजमावणारी गॅलप ही कंपनी विकत घेतली. आज आपण कंपन्यांमध्ये जी ३४ थीम्सची, म्हणजे ३४ प्रकारच्या स्ट्रेंग्थ्सची टेस्ट देतो ती त्यांच्याच कामातून आलेली. म्हणजे मुळात प्रश्न असा होता की कुठल्या कामाला कुठलं माणूस निवडायचं. ऑफिसात तो प्रश्न बरोबरच आहे. ज्याला माणसांत बोलायला आवडतं त्याला क्लायंटकडे पाठवा, ज्याला आकड्यांत मजा येते त्याला एक्सेल द्या, आणि जे कोणालाच येत नाही त्यासाठी नवीन माणूस घ्या.

घरात नवीन माणूस घेता येत नाही. मोरीची जाळी साफ करणं ही कोणाची स्ट्रेंग्थ असते सांगा? दप्तरात शुक्रवारपासून राहिलेला डबा सोमवारी उघडून धुणं? आजारी माणसाची रात्रीची उलटी पुसणं? घर चालतं ते अशाच कामांवर, आणि ती करायला टॅलेंट लागत नाही, उठावं लागतं.

दुसरं म्हणजे स्ट्रेंग्थ आकाशातून पडत नाही, निम्मी तरी सवयीने येते. माझ्या ओळखीतल्या कितीतरी बायकांना झोपेतून उठवलं तरी गोल पोळ्या लाटता येतील, कारण शाळेत असल्यापासून त्यांच्या हातात लाटणं दिलं, त्यांच्या भावांच्या हातात दिलं नाही. मग लग्नानंतर घरात सगळे म्हणणार, तुझ्या हाताला किती छान चव आहे, तूच कर. कौतुक खरं असतं हो, मी ते खोटं म्हणत नाहीये, पण त्या कौतुकातून पुढची तीस वर्षं ठरून जातात. आणि समोरचा म्हणतो मला नाही गं जमत, की त्याची सुटका. स्ट्रेंग्थ्सच्या कोचिंगमध्ये आम्ही शिकवतो की विकनेसवर फार वेळ घालवू नका, त्याला वळसा घाला. हे वाक्य घरात आणलं की त्याचा अर्थ काय होतो ते बघा जरा. सरकारच्या २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेत बायकांचे घरकामात दिवसाला २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांचे ८८, आणि ही ८८ सुद्धा जे पुरुष घरकाम करतात त्यांचीच सरासरी आहे, जे अजिबात करत नाहीत ते यात धरलेलेच नाहीत. एवढा फरक स्ट्रेंग्थ्समुळे पडत नाही.

मग ही भाषा घरात कशाला? मुलांसाठी, म्हाताऱ्या माणसांसाठी, एकमेकांकडे बघण्यासाठी. त्यासाठी मला ३४ थीम्सपेक्षा ख्रिस्तोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन यांनी २००४ मध्ये मांडलेली २४ गुणांची यादी जास्त आवडते, कारण त्यात नोकरीचा वास नाही. कुतूहल, दयाळूपणा, न्यायबुद्धी, चिकाटी, विनोदबुद्धी असे गुण आहेत, आपल्या आजीला सुद्धा कळतील असे.

माझा मुलगा चौथीत आहे. त्याला जास्त का दिलं, तिला आधी का, हे दिवसभर चालू. नातेवाईकांनी त्याला भांडखोर ठरवून टाकलंय. पण नीट बघितलं तर तो स्वतःला कमी मिळालं म्हणून जितका भांडतो तितकाच ताईला कमी मिळालं तरी भांडतो, खाली खेळताना लहान मुलाला आउट नसताना आउट दिलं तरी भांडतो. ही न्यायबुद्धी आहे, फक्त आवाज मोठा आहे. हे दिसल्यावर आम्ही त्याला आंबे कापल्यावर वाटे करायला दिले आणि कापणाऱ्याने शेवटचा वाटा घ्यायचा हा नियम त्यानेच काढला. मी त्याला लगेच, त्याच दिवशी सांगितलं की तू बाठी कोणाला किती वेळा मिळाली ते पण लक्षात ठेवलंस, मला आवडलं. नुसतं हुशार आहेस म्हणून मुलाला काही कळत नाही, कुठल्या गोष्टीत काय दिसलं ते सांगावं लागतं.

मुलगी नववीत, तिचं सगळं सावकाश. जर्नल लिहायला बसली की दोन तास. चेंगट म्हणून ऐकून घेते बिचारी. पण आजीच्या गोळ्यांचा आठवड्याचा डबा तीच भरते आणि तिच्याकडून आजपर्यंत चूक झालेली नाही. इथे एक काळजी मात्र घ्या, चांगलं लेबल पण लेबलच असतं. आपल्याकडे बारशाच्या दिवशीच ठरतं हा शांत, ती बडबडी, आणि मग ते मूल जन्मभर त्या शब्दात अडकतं. म्हणून तू व्यवस्थित आहेस असं मी तिला म्हणत नाही, आज तू हे व्यवस्थित केलंस असं म्हणते. उद्या तिला पसारा घालायचा असेल तर घालू दे.

आता प्रॉडक्टिव्हिटीकडे येते. पहाटे पाचला उठा, दिवसाचे ब्लॉक पाडा, मुलांना स्टार द्या पॉइंट द्या, हे मी घरात येऊ देत नाही. विशेषतः क्वालिटी टाइमचं कॅलेंडर. नववीतली मुलगी मनातलं बोलते ते स्कूटरवर मागे बसून, क्लासला जाताना, कारण तेव्हा तोंडं समोरासमोर नसतात. मुलगा बोलतो मी भाजी निवडत असताना. रविवारी सहा ते सात आपण गप्पा मारू असं सांगितलं तर दोघंही बरं म्हणून गप्प बसतील. घरात रिकामा, कशाचाच नसलेला वेळ असावाच लागतो आणि तो वाया गेलाय असं वाटून घेऊ नका.

पण एक गोष्ट ऑफिसातून घरी नक्की आणण्यासारखी आहे. डोक्यात काही ठेवायचं नाही, सगळ्यांना दिसेल असं लिहायचं आणि प्रत्येक कामाला एक मालक. हे मी एवढ्या जोरात का म्हणते ते सांगते. ॲलिसन डेमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी ३५ जोडप्यांच्या मुलाखती घेऊन २०१९ मध्ये एक पेपर लिहिला, त्यात घरकामाचा जो भाग डोक्यात चालतो त्याचे चार तुकडे केलेत. काय लागणार ते आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं आणि मग झालं का ते बघत राहणं. त्यात दिसलं असं की ठरवायला दोघं असतात, पण पहिला आणि शेवटचा तुकडा बहुतेक बाईकडे असतो.

दळणाचं उदाहरण घ्या. डबा डोक्यावर घेऊन गिरणीत जाणं हे आपल्याला काम म्हणून दिसतं. पण पीठ गुरुवारपर्यंत पुरेल, शुक्रवारी गिरणी बंद असते, पाहुणे येणारेत म्हणजे बुधवारीच न्यायला हवं, गहू निवडायचेत, ज्वारी वेगळी द्यायची आणि गव्हाच्या आधी दळू नको म्हणून सांगायचं, आणल्यावर पीठ गरम असताना झाकण लावायचं नाही, हे सगळं कोणाच्या डोक्यात असतं? आणि मग नवरा म्हणतो, तू सांग ना, मी आणतो. हे म्हणणारे नवरे चांगलेच असतात, माझाही चांगलाच आहे. पण तू सांग याच्यात डोक्यातले चारही तुकडे तिच्याकडेच राहिले.

म्हणून आमच्याकडे काम वाटायचं तर डोक्यासकट वाटायचं असं ठरलंय. दळण नवऱ्याचं म्हणजे पीठ संपत आलंय हे बघणंही त्याचं, मी आठवण करणार नाही. संपलं तर संपलं, त्या दिवशी आमटी-भात. गॅसचं बुकिंग, सोसायटीचा मेंटेनन्स, शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप वाचणं, मावशींचे खाडे लिहिणं, सगळ्याचं असंच. कोणाला काय जमतं यावर ठरत नाही, फिरतं राहतं, दर तीन महिन्यांनी बदलतं. नाहीतर जमणाऱ्याचं जमत राहतं आणि न जमणाऱ्याचं कधीच जमत नाही.

लिहायचं कुठे? ॲप वगैरे सगळं आहे पण आमच्या घरात चालतं ते भिंतीवरचं कालनिर्णय. १९७३ मध्ये जयंतराव साळगांवकरांनी ते काढलं तेव्हापासून मराठी घरांत दुधाचा हिशोब, खाडे, सिलिंडरची तारीख त्याच्यावरच लिहिली जाते, आणि फोनमधलं कॅलेंडर एकट्यालाच दिसतं, हे जाता-येता सगळ्यांना दिसतं. सासूबाईंना फोन नको असतो पण त्या तारखेच्या चौकोनात पेनाने लिहितात.

रविवारी पोहे खाताना आम्ही दहा-पंधरा मिनिटं बसतो. हे पण सॉफ्टवेअरवाल्यांकडून आलंय, २००१ मध्ये यूटामधल्या एका रिसॉर्टवर १७ जणांनी अजाइलचा, म्हणजे छोट्या टप्प्यांत आणि वरचेवर भेटून काम करायच्या पद्धतीचा, जाहीरनामा लिहिला, नंतर अमेरिकेतल्या काही कुटुंबांनी तेच घरी करून बघितलं. तीन प्रश्न, या आठवड्यात काय चांगलं झालं, काय नाही झालं, पुढच्या आठवड्यात काय बघायचं. एकच नियम फार कडक पाळतो, या बैठकीत मुलांना रागवायचं नाही आणि मार्कांचा विषय काढायचा नाही. सुरुवातीला आई म्हणजे सासूबाई म्हणाल्या, अगं ऑफिसात कमी होतात का मीटिंगा म्हणून घरात पण? पण बसायला लागल्या आणि काय काय बाहेर आलं! वर्षाचं तिखट कधी करायचं, गहू कधी भरायचे, कोणाच्या नातीचं लग्न आहे, कोणाला फोन करायला हवा कारण मागच्या वर्षी याच महिन्यात त्यांच्याकडे कोणी गेलं होतं. या घराचं चाळीस वर्षांचं प्लॅनिंग त्यांच्या एकट्यांच्या डोक्यात होतं आणि आम्ही त्याला काम म्हणून कधी मोजलंच नव्हतं. आता फोन करायची यादी त्या नातीला सांगतात, नात लिहिते, आणि फोन मुलगा करतो, म्हणजे माझा नवरा. पहिल्यांदा त्याला काय बोलायचं सुचत नव्हतं. आता मावशी-आत्या त्यालाच उलट फोन करतात.

ज्यांच्या घरी एखादं काम असं डोक्यासकट पुरुषाकडे गेलंय आणि टिकलंय त्यांनी प्लीज कमेंटमध्ये लिहा, कुठलं काम, आणि पहिल्या महिन्यात काय झालं. पुरुषांनी स्वतः लिहिलं तर फार बरं, माझ्या पुढच्या बॅचला वाचून दाखवायचंय.