वरचा मुरूम नको, खालचा कातळ तपासा

भोसरीतल्या, धातूवर क्रोमचा मुलामा देणाऱ्या बंद प्लेटिंग कारखान्याच्या जागेवर इमारत येणार, या बातमीत ‘वरची फूटभर माती काढून मुरूम टाकला, जागा शुद्ध झाली’ असं म्हटलं आहे. एवढ्याने ती शुद्ध होत नाही. क्रोमच्या टाक्यांतली गळती षट्संयुजी क्रोमियमची, म्हणजे क्रोमियमच्या विषारी रूपाची असते. ते पाण्यात सहज विरघळतं, उन्हाळ्यात काळ्या मातीला पडलेल्या भेगांतून खाली जातं आणि बेसाल्टच्या सांध्यांतून शेजारच्या बोअरपर्यंत पोचतं.

आधी जुना नकाशा काढा: टाक्या, गटार, गाळाचा खड्डा, भंगाराची जागा. तिथेच कातळ लागेपर्यंत बोअर घ्या, मातीचा थर बदलेल तिथे वेगळा नमुना घ्या. पाच ठिकाणची माती एकत्र करून एकच नमुना पाठवला की जास्त दूषित जागा सरासरीत लपते, आणि हेच सर्रास चालतं. प्रयोगशाळेला षट्संयुजी क्रोमियम वेगळं मोजायला सांगा. आपल्या बेसाल्टच्या मातीत क्रोमियम मुळातच असतं, त्यामुळे नुसत्या एकूण आकड्यावरून काही कळत नाही. नमुना बर्फात ठेवून लगेच पोचवा.

भूजल किमान पावसाळ्याआधी आणि नंतर तपासा. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. फेरस सल्फेटने षट्संयुजी क्रोमियम त्रिसंयुजी, म्हणजे बरंच कमी विषारी करता येतं, पण सामू (pH) आम्लाकडे झुकला तर ते पाण्यातून वेगळं होऊन नीट खाली बसत नाही. उकरलेली माती मात्र कुणाच्या भरावात जाता कामा नये. घातक ठरली तर ती रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रातच जायला हवी, आणि प्रत्येक ट्रकची पावती रहिवाशांनी मागून घ्यावी.