माउंटन लायनसमोर निपचित का पडू नये

नमस्कार. माउंटन लायन (म्हणजे प्यूमा किंवा कूगर, अमेरिकेतला मांजरकुळातील मोठा शिकारी प्राणी) अंगावर आलाच तर दगड, काठी, हाताला लागेल ते घेऊन प्रतिकार करावा, हा माझ्या लेखातील सल्ला आपल्याला बेजबाबदार वाटला आणि अस्वलासमोर पडतात तसे निपचित पडणे अधिक सुरक्षित, असे आपण लिहिलेत. कॅलिफोर्नियात मुलाबाळांसह डोंगर चढणारी मराठी मंडळी हे वाचतात, म्हणून माझा ठाम विरोध सकारण नोंदवतो.

निपचित पडण्याचा सल्ला मुख्यतः ग्रिझली अस्वलासाठी (उत्तर अमेरिकेतील तपकिरी अस्वलासाठी) आहे. ते बहुतेक वेळा पिल्लांच्या किंवा भक्ष्याच्या रक्षणासाठी चाल करून येते आणि समोरून धोका उरला नाही असे दिसले की सहसा थांबते. माउंटन लायन मात्र माणसावर येतो तो बहुधा शिकार म्हणून. प्रामुख्याने हरणांवर जगणारा हा प्राणी दबा धरून झडप घालतो आणि मान पकडतो. त्याच्यासमोर आडवे होणे म्हणजे त्याचे काम सोपे करणे. म्हणूनच पळू नये, वाकू नये, पाठ फिरवू नये. नजर त्याच्यावर ठेवून, हात उंचावून, खड्या आवाजात बोलत सावकाश मागे सरकावे.

जानेवारी २००४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीतील व्हाइटिंग रँच उद्यानात एका सायकलस्वार स्त्रीला माउंटन लायन झाडीत ओढून नेऊ लागला, तेव्हा तिच्या मैत्रिणीने तिचा पाय घट्ट धरून ठेवला, इतरांनी दगडांचा मारा केला आणि अखेर त्याने तिला सोडले. त्याच दिवशी तेथेच एकट्या असलेल्या एका सायकलस्वाराचा बळी गेला होता. सोबत असण्याचे महत्त्व मी वारंवार सांगतो ते यासाठी.

पिल्ले असलेल्या मादीचे काय, हा आपला प्रश्न रास्त आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातील प्रोव्हो शहराजवळ अशीच एक मादी एका तरुणाच्या मागे सुमारे सहा मिनिटे लागली होती. पंजे आपटत ती पुन्हापुन्हा अंगावर धावून येत होती, पण तो तिच्याकडे तोंड करूनच, ओरडत मागे सरकत राहिला; शेवटी त्याने दगड उचलून भिरकावताच ती पळाली.

मुलांबाबतची आपली काळजी मला पूर्ण मान्य आहे. लहान मुलाला उचलून घ्यावे, पण तसे करताना शक्य तितके कमी वाकावे आणि प्राण्यावरची नजर हटवू नये. हे ऐन वेळी अवघड जाते, म्हणून वाटेवर मुलांना पुढे धावू न देता मोठ्यांच्या मध्ये, हाताच्या अंतरावर चालवावे आणि पहाटे किंवा तिन्हीसांजेला त्यांना घेऊन अशा वाटांवर जाणे टाळावे.