‘रिकामा वेळ’ या दोन शब्दांविषयी

कोपऱ्यावरच्या पडीक जागेविषयीच्या माझ्या लेखावर ‘एक रहिवासी’ अशी सही करून आपण जी प्रतिक्रिया लिहिली आहे, तिला चार ओळींचे उत्तर देऊन मोकळे व्हावे असे आधी वाटले होते. तीनदा वाचल्यावर चार ओळी पुरणार नाहीत हे ध्यानात आले. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सारांश देते. आपले म्हणणे असे, की त्या जागेवर झाडे, खताचे खड्डे आणि शेजारच्या पदपथावर बाक ही कामे आम्ही सात-आठ जणांनी आपापसांत ठरवली, वस्तीला विचारले नाही. बाकामुळे पदपथ अरुंद झाला. खताला मध्यंतरी वास येत होता. बैठका रविवारी सकाळी सात वाजता असतात, तेव्हा रात्रपाळी करणाऱ्यांनी आणि घरी तान्हे मूल असणाऱ्यांनी यावे कसे. प्रशासनाने करावयाची कामे आम्ही फुकट करतो म्हणून प्रशासन सुटते. आणि ज्यांना येणे जमत नाही त्यांच्याकडून वर्गणी घेऊन माळी नेमणे अधिक सरळ. शेवटी आपण लिहिता : “खरे सांगायचे तर हा रिकामा वेळ असलेल्या काही लोकांचा छंद आहे. छंद जरूर जोपासावा, पण त्याला वस्तीचे काम म्हणू नये.”

आधी माझ्या पदरातली चूक मान्य करते. शेरी आर्नस्टीन यांनी नागरी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली ती १९६९ मध्ये. माझ्या लेखात १९६५ असे पडले होते. आपण ते दाखवून दिलेत, दुरुस्ती केली आहे, आभार. (१९६५ हे मॅन्कर ऑल्सन यांच्या सामूहिक कृतीवरील ग्रंथाचे वर्ष, दोन्ही टिपणे माझ्याकडे एकाच कागदावर होती.) चूक दाखवली की ती निमूटपणे सुधारण्याची मला सवय आहे, हे एवढ्यासाठी सांगते की पुढचे वाचताना मी टीका सहन न होणारी बाई आहे असा आपला समज होऊ नये.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे वळते. ‘रिकामा’ हा शब्द आपण सहज वापरला असेल. परंतु आपल्या भाषेत रिकामे भांडे असते, रिकामे घर असते आणि रिकामटेकडा माणूसही असतो, आणि आपल्या वाक्यातला ‘रिकामा’ या तिघांपैकी कोणाच्या घरचा आहे हे कळायला फार विचार करावा लागत नाही. सतरा वर्षांपूर्वी मी या जागेवर पहिले फावडे मारले तेव्हा माझी पूर्ण वेळ नोकरी होती, धाकटा मुलगा दुसरीत होता आणि सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. पाण्याची माझी पाळी मंगळवारी आणि शुक्रवारी असे. पहाटे साडेपाचला दोन बादल्या घेऊन मी जात असे, सव्वासहाला परत येत असे, आणि त्यानंतर घरातले जे सगळ्या घरांत असते ते सुरू होत असे. वडील रुग्णालयात होते त्या महिन्यातही माझी पाळी चुकली नाही. एकदा चुकली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे, आणि त्या दिवशी समोरच्या घरातल्या आजोबांनी न सांगता पाणी घातले. या पाऊण तासाला रिकामा वेळ म्हणायचे असेल तर मग भरलेला वेळ कशाला म्हणतात, हे मला समजून घ्यायला आवडेल.

लावलेली झाडे आपल्या आपण वाढतात अशी बहुतेकांची समजूत असते. रोप लावताना खोड जेथे रुंद होऊन मुळांना मिळते तो भाग मातीच्या वर राहावा लागतो. तो पुरला गेला तर साल हळूहळू कुजते आणि झाड काही वर्षांनी मरते, तोवर लावणारा फोटो काढून घरी गेलेला असतो. पिशवीत वाढलेल्या रोपाची मुळे गोल फिरलेली असतील तर ती लावण्यापूर्वी मोकळी करावी लागतात, नाहीतर ती पुढे त्याच झाडाला आवळतात. वाहने उभी राहून दाबल्या गेलेल्या मातीत पाणी मुरत नाही आणि मुळांना हवा मिळत नाही, म्हणून आधी ती माती खोलवर मोकळी करावी लागते. आणि पाणी एक उन्हाळा घालून भागत नाही. पहिली दोन ते तीन वर्षे ते सांभाळावे लागते. आमच्या पहिल्या खेपेतली बरीच रोपे यांतले काही ठाऊक नसल्यामुळे गेली. छंद म्हणून लावली असती तर तेथेच थांबलो असतो, कारण छंदात अपयश आले की माणूस दुसरा छंद शोधतो. आम्ही त्याच खड्ड्यांत पुन्हा उतरलो.

आपल्याला वास आला त्या खताविषयी बोलायचे तर, तो वास दोन आठवडे येत होता हे खरे आहे. खड्ड्यात कर्बाचे नत्राशी प्रमाण साधारण २५ ते ३० पट असावे लागते; स्वयंपाकघरातला ओला कचरा त्याहून पुष्कळ खाली असतो आणि वाळलेला पाला पुष्कळ वर. पाला कमी पडला, ओले जास्त झाले, की हवा कोंडते आणि ढीग आंबून घाण वास सुटतो. त्या पंधरवड्यात पाला का कमी पडला, तर काही घरांतून झाडलेला पाला आमच्याकडे न येता रस्त्याकडेला जाळला जात होता. कोणत्या घरांतून, हे मी लिहीत नाही. कोरडा पाला मिसळून ढीग वरखाली केला, आतले तापमान पुन्हा ५५ अंशांवर गेले आणि वास थांबला. आपली तक्रार त्यानंतर महिन्याने आली आहे.

ऑल्सन यांचे नाव निघालेच आहे तर त्यांचे म्हणणेही सांगते, कारण ते आपल्याला आवडेल. गट मोठा असेल आणि लाभ सर्वांनाच मिळणार असेल, तर आपला वाटा न उचलता इतरांच्या कष्टांचे फळ घेणे हेच प्रत्येकाला हिशेबात परवडते. म्हणून सक्ती किंवा वाटा उचलणाऱ्यालाच मिळणारे काही वेगळे आमिष नसेल तर अशी कामे उभी राहत नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. सावलीत उभे राहून ती कोणी पाडली याची चौकशी करणाऱ्या माणसाचे याहून नेमके वर्णन मी वाचलेले नाही. (हे वाक्य खोडावे असे दोनदा वाटले. राहू देते.)

ऑल्सन यांचे चित्र अपुरे आहे हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये दाखवले आणि त्यांच्या या कामाला २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. सामायिक कुरणे, पाट, मासेमारीची पाणथळे लोकांनी स्वतः नियम करून शतकानुशतके कशी टिकवली हे त्यांनी गोळा केले. स्वित्झर्लंडमधील टोर्बेल या गावात १५१७ पासून नियम होता, की हिवाळाभर जेवढ्या गाई तुम्ही स्वतः पोसू शकता तेवढ्याच उन्हाळ्यात गावाच्या डोंगरकुरणावर पाठवायच्या. किती साधा नियम आहे पाहा. त्याला बाहेरच्या अधिकाऱ्याची गरज नाही, कारण शेजाऱ्याच्या गोठ्यात किती गाई आहेत हे शेजाऱ्याला दिसतेच. तेथे नियम मोडणाऱ्याला दंड करणाऱ्या गावच्याच अधिकाऱ्यास दंडाची निम्मी रक्कम स्वतः ठेवता येत असे. आमच्याकडे ती सोय नाही, आम्हाला प्रतिक्रिया मिळतात.

ऑस्ट्रॉम यांनी मांडलेल्या आठ तत्त्वांत, ज्यांच्यावर नियमांचा परिणाम होतो त्यांपैकी बहुतेकांना ते नियम बदलण्यात भाग घेता यावा, असेही एक तत्त्व आहे. आपण नेमके त्यावर बोट ठेवाल हे मला ठाऊक आहे. परंतु भाग घेता येणे ही एक गोष्ट आहे आणि घरी बसून, काम पूर्ण झाल्यावर, तो घ्यायला हवा होता असे लिहिणे ही दुसरी. सतरा वर्षांत आमच्या बैठकीचे दार कोणासाठी लावले गेले असे एकदाही झालेले नाही. ती माझ्या अंगणात भरते आणि फाटकाला कडीसुद्धा नाही.

शिकागो शहरातील ३४३ वस्त्यांतल्या ८,७८२ रहिवाशांना रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही साधे प्रश्न विचारले होते : शाळा बुडवून मुले कोपऱ्यावर उभी दिसली तर तुमचे शेजारी काही करतील का, जवळचे अग्निशमन केंद्र बंद होणार असे कळले तर ते उठतील का, शेजाऱ्यांवर विश्वास ठेवता येतो का. जेथे उत्तर ‘हो’ असे होते तेथे हिंसेचे प्रमाण कमी आढळले, आणि वस्तीतली गरिबी व अन्य गोष्टी हिशेबात धरूनही तो संबंध टिकला. हा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. समोरच्या आजोबांनी माझ्या वाटचे पाणी घातले, त्याची जात हीच. आमच्या कोपऱ्यावर हे दररोज घडते आणि ते मोजायला कोणी येत नाही, म्हणून आपल्याला तेथे केवळ झारी घेतलेल्या काही बायका आणि दोन निवृत्त गृहस्थ दिसतात.

वर्गणीची आपली सूचना वरवर सोयीची दिसते, पण तिच्यात एक खोच आहे. इस्राएलमधील हायफा येथे दहा पाळणाघरांत उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी यांनी एक प्रयोग केला, तो २००० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना सहा पाळणाघरांत लहानसा दंड सुरू केला. उशिरा येणारे कमी होण्याऐवजी वाढले, कारण आजवर शिक्षिकेला थांबावे लागते याची जी टोचणी होती तिची जागा एका किमतीने घेतली. दंड मागे घेतल्यावरही ते पूर्वीसारखे वेळेवर येऊ लागले नाहीत. वर्गणी ठेवली की न येणाऱ्याची टोचणी संपेल, आणि जे आज येतात त्यांनाही ‘त्यापेक्षा पैसे देऊन टाकू’ हा मार्ग सापडेल. माळी येईल, झाडेही कदाचित अधिक नीट वाढतील, आणि कोणाची पाळी चुकली हे समोरच्या आजोबांना कळण्याचे कारण उरणार नाही.

राहिलेल्या मुद्द्यांवर फार लिहिण्याची आवश्यकता नाही. चाकाच्या खुर्चीला जाण्यासाठी सुमारे ९० सेंटिमीटर मोकळी रुंदी लागते हे आम्हाला ठाऊक आहे. बाकापाशी ती थोडी कमी पडते हे आम्ही स्वतःच मोजले आहे आणि बाक सरकवणे कामांच्या यादीत आहे. सकाळी सातची वेळ सर्वांच्या सोयीने ठरली आहे, म्हणजे जे येतात त्या सर्वांच्या. वस्तीला विचारले नाही असे आपण म्हणता. आम्ही सूचना लिहून बागेच्या फाटकावर लावली होती आणि ती पावसाने भिजेपर्यंत तेथेच होती. प्रशासन सुटते हा मुद्दा मात्र मोठा आहे आणि त्यावर मी कधीतरी स्वतंत्र लेख लिहीन. तूर्त एवढेच, की फावडे उचलण्याआधीची चार वर्षे आम्ही प्रशासनाला पत्रेच लिहीत होतो, त्यांच्या पोचपावत्यांची फाइल माझ्या कपाटात आहे, आणि त्या काळात त्या जागेवर फक्त राडारोडा वाढला.

आर्नस्टीन यांच्या शिडीचाही आपण दाखला दिला आहे. तिच्या तळाच्या दोन पायऱ्यांवर लोकांना सहभागाचा केवळ देखावा मिळतो आणि सर्वांत वरच्या पायरीवर कारभार नागरिकांच्या हाती असतो. आम्ही वरच्या पायरीवर आहोत असा माझा दावा होता. ‘तुम्ही आहात, बाकीची वस्ती तळाला आहे’, हे आपले वाक्य चटकदार आहे. शिडी मी भिंतीला लावून ठेवलेली नाही, एवढेच म्हणते.

आपण कोण हे मला ठाऊक नाही, म्हणजे अंदाज आहे, पण तो येथे लिहिणे बरे नव्हे. येत्या रविवारी खत चाळायचे आहे. चाळण्या दोनच आहेत, तरी आपण आलात तर एक आपल्याला देऊ. बैठकीची वेळ बदलण्याचा विषय मांडायचा असेल तर तो त्याच बैठकीत, सात वाजता, मांडता येईल. हिशेबाची वही आपल्याला पाहायची आहे असे प्रतिक्रियेच्या तळटीपेत आपण लिहिले होते. ती माझ्याकडेच असते आणि कोणालाही पाहता येते. मात्र आधी कळवून यावे, कारण गेल्या दोन वर्षांची पाने अजून पक्की उतरवायची राहिली आहेत.