पायलटशिवाय मालवाहू विमान : पहिली नोकरी जाईल ती कॅप्टनची नाही

नोव्हेंबर 2023 मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टरहून एक सेस्ना कॅराव्हॅन उडालं, थोडा वेळ हवेत राहिलं आणि परत उतरलं. आत कोणीच नव्हतं. रिलायबल रोबोटिक्स कंपनीचा वैमानिक पन्नासेक मैलांवर कंट्रोल रूममध्ये बसून लक्ष ठेवत होता.

असली बातमी आली की लोकांच्या डोळ्यांपुढे रिकाम्या कॉकपिटचं भलंमोठं 747 येतं आणि लगेच वाद सुरू होतो, कॅप्टनची नोकरी राहणार की जाणार. कॅप्टनची काळजी मला तितकीशी नाही. मला काळजी आहे ती या छोट्या कॅराव्हॅनच्या सीटची.

कॅराव्हॅन म्हणजे एका इंजिनाचं, टन-दीड टन माल नेणारं विमान. फेडेक्ससारख्या कंपन्यांची पार्सलं मोठ्या विमानतळावरून लहान धावपट्ट्यांपर्यंत हीच विमानं पोचवतात. आत बहुधा एकटाच वैमानिक, आणि तोही पुष्कळदा तरुण. अमेरिकेत 2009 साली बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, त्यानंतर नियम कडक झाले आणि 2013 पासून एअरलाइनच्या को-पायलटलाही साधारण 1500 तासांचा अनुभव लागू लागला. हे तास भरायचे कुठे? कोणी दुसऱ्यांना उडवायला शिकवून भरतं, कोणी अशी पार्सलं वाहून. रात्रीची वेळ, पंखांवर धरणारा बर्फ, आडवा वारा आणि विचारायला शेजारी कोणी नाही. पगार बेताचा, पण हात तयार होतो तो इथेच.

यंत्र आधी शिरणार ते नेमकं इथे. विमान छोटं, मार्ग ठरलेला, आत प्रवासी नाहीत.

मोठ्या विमानांत एका रात्रीत काही होणार नाही. 1950 च्या दशकात लांब पल्ल्याच्या विमानाच्या कॉकपिटमध्ये पाच जण असायचे : दोन वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, नेव्हिगेटर आणि रेडिओ ऑपरेटर. रेडिओ सुधारले तसा ऑपरेटर गेला. विमानाला स्वतःची जागा स्वतः कळू लागली तसा नेव्हिगेटर गेला. 1981 मध्ये अमेरिकी अध्यक्षांनी नेमलेल्या समितीने नव्या जेट विमानांना दोन वैमानिक पुरेसे आहेत असा निर्वाळा दिला आणि फ्लाइट इंजिनिअरची खुर्ची नव्या विमानांतून नाहीशी झाली. जुनी विमानं भंगारात जात राहिली, त्यांच्याबरोबर त्या नोकऱ्याही.

आता नजर दुसऱ्या सीटवर, म्हणजे को-पायलटच्या सीटवर आहे. 2018 मध्ये अमेरिकेत एका वैमानिकाच्या मालवाहू विमानांवर संशोधन करण्याचं कलम विधेयकात आलं होतं, वैमानिक संघटनांनी आरडाओरडा करून ते काढायला लावलं. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेनेही 2025 मध्ये सांगून टाकलं की क्रूझमध्ये, म्हणजे उंची गाठून विमान सरळ उडत असताना, एकटा वैमानिक ठेवला तर ते दोघांइतकंच सुरक्षित राहील, हे आजच्या कॉकपिटमध्ये पुरेसं सिद्ध होत नाही. म्हणजे दुसरी सीट तूर्त शाबूत.

"मालच तर आहे, पडलं तर पडलं" असं म्हणणाऱ्यांचा मात्र मला राग येतो. 1992 मध्ये ॲमस्टरडॅममध्ये इस्रायलच्या एल अल कंपनीचं मालवाहू 747 इमारतींवर कोसळलं. विमानात चार जण होते, जमिनीवर 39 मेले. खोकी वाहणारं विमान लोकांच्या घरांवरूनच उडतं.

दुसरीकडे वैमानिकांच्या बाजूने हमखास सांगितली जाते ती 2003 ची बगदादची गोष्ट. डीएचएल कंपनीच्या ए300 मालवाहू विमानाला क्षेपणास्त्र लागलं, विमान वळवणारी सगळी हायड्रॉलिक यंत्रणा गेली, आणि आतल्या तिघांनी केवळ इंजिनांची ताकद कमी-जास्त करत विमान उतरवलं. त्या तिघांना सलामच. पण हे उदाहरण देणाऱ्यांनी हेही सांगावं की नासाने 1995 मध्येच एक एमडी-11 जेट विमान फक्त इंजिनांच्या जोरावर उतरवून दाखवलं होतं, आणि ती इंजिनं कॉम्प्युटर सांभाळत होता. यंत्राला हे जमणारच नाही असं छातीठोक म्हणायची सोय राहिलेली नाही. शिवाय यंत्र पेंगत नाही. मालवाहतूक बरीचशी रात्रीची. तरीही अमेरिकेत 2014 पासून वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, तेव्हा मालवाहू कंपन्यांना त्यातून वगळलं. माणसाला झोपू द्यायचं नाही आणि मग माणूस थकतो म्हणून यंत्र आणायचं, हा हिशेब मला पटत नाही.

आणि पैशाचं गणित? एका विमानामागे जमिनीवर एक वैमानिक बसवला, तर फार काही वाचत नाही. बचत होते ती एकच माणूस तीन-चार विमानं सांभाळू लागला की. तीन विमानं निवांत असतील तेव्हा प्रश्नच नाही. चौथ्याचा संपर्क तुटला आणि त्याच वेळी दुसऱ्याच्या इंजिनाने कुरकुर सुरू केली, की त्या खुर्चीत कसलेलाच माणूस हवा. आज तसा माणूस मिळतो, कारण तो कॅराव्हॅनमध्ये घासून तयार झालेला असतो. ती सीट गेल्यावर पंधरा-वीस वर्षांनी त्या खुर्चीत कोण बसणार? सिम्युलेटर पुष्कळ शिकवतो, पण त्यात पोटात गोळा येत नाही.

म्हणून मला वाटतं की कंट्रोल रूममधले तास एअरलाइनच्या परवान्यासाठी धरायचे का, धरले तर किती, आणि प्रत्यक्ष हवेतले किमान किती हवेत, हे परवाना देणाऱ्यांनी ही विमानं सर्रास उडू लागण्याआधी ठरवावं. संघटनांचा सगळा जोर मोठ्या विमानाच्या दुसऱ्या सीटवर आहे, आणि तो रास्तच आहे. कॅराव्हॅनच्या एकुलत्या सीटसाठी भांडायला मात्र फारसं कोणी पुढे येणार नाही. तिथला वैमानिक मुळात तिथे राहायला आलेलाच नसतो. तास भरले की तो पुढे निघून जातो.