‘गायक तर कार्यक्रमातून कमावतो’, मग गाणं लिहिणाऱ्यानं काय करायचं?

एप्रिल जवळ आला की आमच्याकडं एक मेसेज फिरायला लागतो. जयंतीच्या तयारीच्या ग्रुपवर, कलावंतांच्या ग्रुपवर, गावच्या तरुण मंडळाच्या ग्रुपवर. यंदा तो मला एकाच दिवशी चार ठिकाणांहून आला. त्यात असं लिहिलंय: ‘गाणं डाउनलोड केल्यानं गायकाचं काहीच जात नाही. गाण्याचा पैसा कंपनी खाते, गायक कमावतो कार्यक्रमातून. तुम्ही फुकट ऐकता म्हणजे त्याची फुकट जाहिरात करता. परदेशातले मोठे बँड तर अल्बम फुकट वाटतात. आणि गाणं समाजाचं असतं, त्यावर मालकी कसली?’ खाली एक लिंक. तिथून शेकडो भीमगीतं एका दमात उतरवून घेता येतात.

मी जालना जिल्ह्यातल्या एका गायन पार्टीत सतरा वर्षांपासून ऑर्गन वाजवतो. हा मेसेज पुढं ढकलणारी पोरं आमचीच आहेत. कार्यक्रमाला पहिल्या रांगेत तीच बसतात, दहा-दहाच्या नोटा घेऊन स्टेजवर तीच येतात, आणि रात्री दोन वाजता गाडी चिखलात रुतली तर ढकलायलाही तीच. त्यांच्या मनात खोट नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच एकेक वाक्य घेऊन उत्तर देतोय.

‘गायक कमावतो कार्यक्रमातून.’ हे खरं आहे, पण ते फक्त गायकापुरतं. एका रात्रीचा हिशोब सांगतो. मागच्या मे महिन्यात अंबड तालुक्यातल्या एका गावाची पस्तीस हजारांची सुपारी होती. पाच हजार इसार आधी, बाकीचे कार्यक्रम संपल्यावर. साउंड गावानं लावलेला. गाडीभाडं आणि डिझेल सहा हजार. राहिले एकोणतीस. मुख्य गायकाला आठ, गायिकेला पाच. उरलेल्या सोळा हजारांत सात माणसं: ढोलकी, ऑक्टापॅड, बासरी, ऑर्गन, कोरसच्या दोघी आणि निवेदक. माणशी दोन-सव्वादोन हजार पडले. बक्षिसीच्या नोटा वेगळ्या डब्यात, त्यांची वाटणी पहाटे गाडीतच झाली.

त्या रात्री आम्ही चौदा गाणी म्हटली. त्यातली चार आमच्या गीतकार काकांची. त्यातल्या एका गाण्याला तर तीन वेळा ‘पुन्हा एकदा’ झालं. काकांचा वाटा किती? काहीच नाही. ते तेव्हा स्वतःच्या पिठाच्या गिरणीच्या मागच्या खोलीत झोपले होते. त्यांना गाता येत नाही, वाजवता येत नाही, चारचौघांत बोलायचं म्हटलं तरी घाम फुटतो. ते दळणाच्या डब्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांच्या पाठीमागं गाणी लिहितात आणि गावात आमची गाडी आली की त्या चिठ्ठ्या पीठ झटकून आमच्या हातात देतात. कार्यक्रमातून कमवायचा रस्ता अशा माणसासाठी नाहीच. त्याच्यासाठी गाणं हीच कमाई, आणि ती गाणं ऐकलं गेल्याची कुठंतरी नोंद झाली तरच होते.

आता कार्यक्रमाचीच खात्री किती असते तेही बघा. आमचा हंगाम एप्रिल ते जून, मग पोळा, गणपती, नवरात्र आणि हिवाळ्यातल्या जत्रा. पाऊस गेला की पहिल्यांदा आमची सुपारी जाते. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या वर्षी वर्गणी मागायला जाणाऱ्या मंडळांनाच लाज वाटत होती. आलेले इसार आम्ही परत केले. आणि 2020 मध्ये 25 मार्चला देश बंद झाला तो नेमका 14 एप्रिलच्या तोंडावर. सगळा हंगाम गेला, पुढच्या वर्षीचाही जवळजवळ तसाच गेला. आमच्या ढोलकीवाल्यानं त्या काळात भाजीचा गाडा लावला. पण त्याच दिवसांत लोक घरात बसून गाणी मात्र भरपूर ऐकत होते. कार्यक्रम बंद असताना कलावंताच्या घरात चार पैसे येऊ शकतील असा तेवढा एकच झरा होता, आणि तोही एमपीथ्रीच्या साठ्यांनी आटवला होता.

‘गाण्याचा पैसा कंपनी खाते.’ या वाक्यामागचा राग मला पूर्ण मान्य आहे. कॅसेटच्या जमान्यात आमच्या भागातल्या कितीतरी गीतकारांनी हजार-दोन हजार रुपये एकरकमी घेऊन कागदावर सही केली. कागदात काय लिहिलंय ते कोणी वाचून दाखवलं नाही. गाणी वर्षानुवर्षं विकली गेली आणि लिहिणारा रोजगार हमीच्या कामावर गेला. पण म्हणून आपण फुकट उतरवून घेतलं तर कंपनीसोबत तो गीतकारही उपाशी राहतो. त्याला पोचलेलं आपलं उत्तर एवढंच, की तुला आधी कंपनीनं दिलं नाही, आता आम्हीही देणार नाही.

शिवाय तेव्हापासून एक मोठी गोष्ट बदलली आहे आणि ती आमच्याच लोकांना माहीत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 मध्ये दुरुस्ती झाली, ती 21 जून 2012 पासून लागू आहे. गाण्याच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीत गीतकाराचा आणि संगीतकाराचा कंपनीच्या बरोबरीचा वाटा आता त्यांच्याकडून कोणी लिहून घेऊ शकत नाही. तो हक्क फक्त वारसांना देता येतो, किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीकडं सोपवता येतो. हा वाटा सोडून देण्याचा करार कोणी करून घेतला तरी तो कायद्यापुढं टिकत नाही. गीतकार-संगीतकारांसाठी ही वसुली करणारी संस्था म्हणजे आयपीआरएस, 1969 पासूनची. रेडिओ, टीव्ही, गाण्यांची ॲप, हॉटेलं, मोठे कार्यक्रम यांच्याकडून ती पैसे घेते आणि सभासदांना वाटते. काकांना सभासद करायला आम्हाला दोन वर्षं लागली. अर्जापेक्षा ‘आपल्याला कोण देतंय’ हा त्यांच्या मनातला विचार काढायलाच जास्त वेळ गेला.

हे सगळं चालतं ते नोंदीवर. ॲपवर गाणं वाजलं की ते कुठंतरी मोजलं जातं. पेनड्राइव्हमध्ये तेच गाणं दहा हजार वेळा वाजलं तरी कोणाच्याही वहीत त्याची रेघ उमटत नाही. ॲपवरून मिळणारा पैसा फार आहे असं मी म्हणणार नाही. स्पॉटिफायवर तर 2024 पासून एखादं गाणं वर्षभरात हजार वेळा वाजलं नाही तर त्या रेकॉर्डिंगचे पैसे मिळतच नाहीत. तालुक्याच्या गावातल्या गाण्याला हजाराचा आकडा गाठणं सोपं नसतं. त्यामुळंच तर प्रत्येक ऐकणं मोजलं जाण्याला किंमत आहे. नऊशे ऐंशीवर अडकलेल्या गाण्याला वीस माणसं कमी पडलेली असतात, आणि तेवढी तर आमच्या एका गल्लीत असतात.

यूट्यूबबद्दलही एक गैरसमज पक्का बसलाय, की लाख लोकांनी पाहिलं म्हणजे लाख रुपये आले. नुसत्या पाहण्याला ठरलेला असा काही दरच नाही. चॅनलला हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहणं झालं की मगच जाहिरातीच्या पैशात वाटा सुरू होतो (छोट्या शॉर्ट्सचा नियम वेगळा). नेहमीच्या व्हिडिओवर तो वाटा 55 टक्के. जाहिरात लागली तर पैसा, नाही लागली तर नाही. व्हिडिओवरून आवाज काढून एमपीथ्री करून घेतली की त्यापुढचं सगळं ऐकणं या हिशोबाच्या बाहेर जातं.

‘फुकट जाहिरात होते.’ इथं मला जरा थांबायचंय, कारण यात खरं आणि खोटं एकमेकांत गुंतलंय. मोबाईलवरच्या व्हिडिओनं माणूस मोठा होतो, हे आम्ही डोळ्यानं पाहिलंय. छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात यांचा एकतारीवरचा आवाज कुठल्या कंपनीनं लोकांपर्यंत नेला नाही. लोकांनीच एकमेकांना व्हिडिओ पाठवले आणि तो महाराष्ट्रभर पोचला. पण त्या व्हिडिओत त्यांचा चेहरा होता, आवाज होता, आणि नाव विचारत लोक त्यांच्यापर्यंत आले. जाहिरात व्हायला निदान नाव तरी लागतं.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. कार्यक्रमाहून परतताना आम्ही वडीगोद्रीच्या फाट्यावर चहाला थांबलो होतो. ऊसतोडीला निघालेला एक ट्रॅक्टर बाजूला उभा होता; ट्रॉलीत संसार, वर बांधलेल्या शेळ्या, आणि समोरच्या दोन भोंग्यांवर आमचंच गाणं. काकांचं. अंगावर काटा आला. पण सुरुवातीलाच, जिथं आमची गायिका ओळ उचलते, तिथं एका डीजेच्या नावाची आरोळी बसवलेली. खालून दुप्पट ठोका. मी ड्रायव्हरदादाला विचारलं, हे गाणं कोणाचं? त्यानं प्लेअरच्या पट्टीवर बोट ठेवलं. तिथं नाव होतं: ‘न्यू भीमगीत कडक डीजे मिक्स 047’. आणि शेवटचं कडवं नव्हतंच. ते कापून लगेच 048 सुरू झालं.

शेवटचं कडवं म्हणजे काय हे आपल्या मुलखात सांगायला नको. तिथं कवीचं नाव असतं. पैठणच्या नाथांची ‘एका जनार्दनी’ ही मुद्रा तिथंच येते. नरसीचे नामदेव तिथं ‘नामा म्हणे’ लिहितात, गंगाखेडची जनाबाई ‘जनी’ म्हणून तिथंच सापडते. कागद नव्हता, कायदा नव्हता, तेव्हाही आपल्या माणसांनी गाण्यावर नाव कोरून ठेवलं होतं, आणि सातशे वर्षं गाणाऱ्यांनी ते गाळलं नाही. वामनदादा कर्डकही गाण्याच्या शेवटी ‘वामन’ म्हणून उभे राहतात. काकांनी ही रीत वामनदादांकडून घेतली. डीजेच्या मिक्समध्ये नेमकं तेवढंच कापलं जातं, कारण तिथं नाचायला जोर कमी असतो.

मग ‘गाणं समाजाचं असतं’ याचं उत्तर वेगळं द्यायला नको, पण मेसेजात ते वाक्य सगळ्यात जोरात आहे म्हणून देतो. जात्यावरच्या ओव्या, गोंधळ, भारुडं ही सगळ्यांची आहेत, खुशाल गा, वाजवा, नव्यानं बांधा. पण कवी गेल्यानंतरही साठ वर्षं त्याच्या रचनेवर त्याच्या वारसांचा हक्क असतो. वामनदादा 2004 मध्ये गेले, म्हणजे तो हक्क 2064 संपेपर्यंत आहे. गावोगाव चालत फिरून, मिळेल तिथं भाकरी खाऊन ज्या माणसानं हजारो गाणी लिहिली, त्याच्यावर समाजाचं प्रेम आहे हे मी रोज पाहतो. प्रेम आहे म्हणून त्याच्या घरचा हक्क संपला, असं मात्र मला कधीच म्हणवणार नाही.

याच मुद्द्यावर एका बँडवाल्या मित्रानं मला विचारलं, ‘मग आम्ही वरातीत वाजवतो ती चोरीच का?’ अजिबात नाही. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ कायद्यानंच यातून मोकळे ठेवलेत. त्यानं निर्धास्त वाजवावं.

परदेशी बँडचं पटकन सांगतो. मेसेजातला रोख बहुतेक इंग्लंडच्या रेडिओहेडवर आहे. त्यांनी 2007 च्या ऑक्टोबरमध्ये अल्बम इंटरनेटवर ठेवला आणि किंमत ऐकणाऱ्यावर सोडली. पण तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता, मोठ्या कंपनीसोबत वर्षानुवर्षं काम करून जगभर नाव झाल्यावर घेतलेला. काही महिन्यांनी तोच अल्बम रीतसर दुकानांत आला आणि इंग्लंड-अमेरिकेत विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेला. ज्याचं आहे त्यानं स्वतः वाटणं आणि त्याला न विचारता आपण वाटणं, यातला फरक शेतातल्या हुरड्याला लावून बघा.

जाता जाता आमच्या पार्टीचंच सांगतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही आपसात वर्गणी काढून शहरातल्या एका छोट्या स्टुडिओत गाणं रेकॉर्ड केलं. अठरा हजार लागले. चॅनलवर टाकल्यावर पंधराव्या दिवशी तेच गाणं दुसऱ्या एका चॅनलवर, बाबासाहेबांचा फोटो लावून, आमचं एकही नाव न देता. त्यांची प्रेक्षकसंख्या आमच्या सहापट. गाणं आपोआप ओळखून पकडणारी यंत्रणा मोठ्या कंपन्यांना मिळते. आमच्यासारख्यांनी फॉर्म भरून तक्रार करायची. केली. ते निघालं आणि महिन्याभरात आणखी दोन उगवले. त्यातला एक चॅनल चालवणारा आमच्याच गाण्यांचा चाहता निघाला. फोनवर म्हणाला, ‘दादा, मी तर प्रचार करत होतो.’ तो खरंच तसं समजत होता.

म्हणून पोरांनो, एवढंच मागतो. गाणं मूळ चॅनलवर ऐका. शिवारात रेंज नसते हे मला ठाऊक आहे. ॲपमध्येच ऑफलाइन साठवायची सोय असते, ती वापरा. स्टेटस ठेवताना गायकासोबत गीतकाराचंही नाव टाका. मंडळात असाल तर सुपारी ठरवतानाच विचारा, की गाणी लिहिणाऱ्याला किती देणार? पस्तीस हजारांत हजार रुपये त्याच्या नावानं बाजूला काढले तर कोणाचं ताट रिकामं होत नाही. आमच्या पार्टीनं मागच्या हंगामापासून ते सुरू केलंय. आणि डीजेवर वाजवायचंच असेल तर शेवटचं कडवं कापू नका.

त्या दिवशी वडीगोद्रीला मी ड्रायव्हरदादाच्या मोबाईलवर मूळ गाणं लावून दिलं. चहा थंड होईस्तोवर त्यानं ते पूर्ण ऐकलं. शेवटच्या कडव्याला त्यानं आवाज वाढवला आणि विचारलं, ‘हे नाव कोणाचंय?’ मी सांगितलं. गिरणी कुठल्या गावात आहे तेही सांगितलं.